दोन विली

हॅलिफॅक्सच्या नोंदणी कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
रेडिएटरला पाठ टेकून मी
मेलेल्या माणसांचे कंस बदलते.

जुने टोकदार आहेत. प्रत्येक नाव
उघडतं आणि बंद होतं.
घर, घरात खोली, खोलीत खाट,
खाटेवर वय : चार महिने.
नवे महिरपी. त्यांत सगळं
स्वल्पविरामांच्या आधाराने उभं;
शेवटच्या माणसामागे एक जरी चुकून राहिला
तर अख्खं गाव कोसळतं,
हे पहिल्याच आठवड्यात शिकले.

टोकदार काम डोरीन बॅराक्लफचं.
अठ्ठ्याण्णव ते दोन हजार चार,
चॅपलच्या दफनवह्या एकटीने टंकल्या.
मी तिला पाहिलेलं नाही.
तिचा मग अजून सिंकपाशी आहे, कान तुटलेला.
त्यात आम्ही चमचे ठेवतो.

इयनला शुक्रवारपर्यंत हवंय.
इयन वाईट नाही. म्हणतो, आकडे जुळले की झालं.
बुधवारी आकडे जुळेनात.
अकरा हजार दोनशे सहा आत गेले,
अकरा हजार एकशे पासष्ट बाहेर आले.

एक्केचाळीस माणसं.
खडा नेमका कुठे लागतोय
ते जिभेने शोधावं, तशी
मी माझीच स्क्रिप्ट चाचपत बसले.
चहावर साय धरली.

सदतिसावी वही. जेथ्रो सटक्लिफ, लोकर विंचरणारा.
त्याचा मुलगा विली, अठराशे एकसष्ट, अकरा आठवडे.
त्याचा मुलगा विली, अठराशे चौसष्ट, दोन वर्षं.
एक गेला, पुढच्याला तेच नाव ठेवलं.
आणि मी नावालाच किल्ली केली होती.
महिरपीत एका किल्लीचे दोघं नांदत नाहीत :
दुसरा येतो, पहिल्याच्या जागी बसतो,
कुरबुर नाही, लाल रेघ नाही.
बाकीचे चाळीस असेच.
सगळे थोरले. सगळे लहान.

मग जुनी फाईल उघडली, नुसती, वाचायला.
पहिल्या विलीच्या डोक्यावर, टिपेच्या खुणांत,
डोरीनने लिहिलं होतं :
दोन विली आहेत. चूक नाही.
माझ्यामागून येणाऱ्याने कृपया पुसू नये.
पुढच्या घरी : पुन्हा तसंच.
त्याच्या पुढे नुसतंच : पुन्हा.
तारखा पाहिल्या. दोन 'पुन्हा'मध्ये
कुठे सहा महिने, कुठे वर्ष.

टिपा यंत्र वाचत नाही. ओलांडून जातं.
नव्या साच्यात तर टिपेला जागाच नाही.

माझे बाबा कऱ्हाडला छापखान्यात
मुद्रितं तपासायचे. बासष्टच्या नियमांनी
न उच्चारायचे अनुस्वार काढून टाकले;
दिवसभर ते इमानाने खोडायचे
आणि रात्री पत्रात पुन्हा द्यायचे :
घरांतील सर्वांस. तुझें नांव.
कोण वाचतं ते टिंब, मी म्हणायचे.
अगं, ते म्हणायचे, तिथे एक म होता.
नाम होतं ते. म गेला,
तो गेल्याची एवढीच खूण.
मी हसायचे. हल्ली त्यांची पत्रं
स्कॅन करते तेव्हा टिंबं
धुळीसारखी दिसतात, आणि धूळ टिंबांसारखी.

तर गुरुवारी चौकटी कंस घातले.
त्यात दोन्ही विली, शेजारी शेजारी,
मध्ये एक स्वल्पविराम.
आणि एक नवी किल्ली केली, टीप नावाची,
तिच्यात डोरीनचं सगळं, कृपयासकट.
इयन वाकून बघत म्हणाला,
हे कोणी मागितलं नव्हतं ना?
नाही, म्हटलं.
तो थोडा थांबला, मग चमचा शोधायला गेला.

शुक्रवारी, साडेचारला, आकडे जुळले.
तपासनीस एक्केचाळीस पिवळे इशारे देतो :
अनोळखी किल्ली. अनोळखी किल्ली.
असू दे.